तूट कुठं ठेवायची

जुन्या पद्मिनीच्या डॅशबोर्डाचं काम कसं झालंय हे डॅशबोर्डाकडे बघून कळत नाही, पुढच्या काचेकडे बघावं लागतं. ऊन तिरकं झालं की ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं, मान थोडी खाली घ्यायची आणि काचेत उमटलेलं काळ्या पॅडचं प्रतिबिंब न्याहाळायचं. कड नीट बसली असेल तर या खांबापासून त्या खांबापर्यंत एकच रेघ दिसते. पॅड जिथं सुटलंय तिथं रेघ पोट काढते. हात फिरवला तर लागणारही नाही असा फुगवटा काच लपवू देत नाही, कारण तिथं खरा फुगवटा आणि त्याचं प्रतिबिंब दोघं समोरासमोर उभे असतात. काही गॅरेजवाले गाडी ताब्यात द्यायला गिऱ्हाइकाला दिवेलागणीनंतर बोलावतात, ते उगाच नाही.

पिंपळे गुरवमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असं एक काम होताना मी पाहिलं. १९८० च्या दशकातली पद्मिनी, मालक टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका. गाडीचं क्रॅश पॅड (धंद्यात सगळे त्याला हेच म्हणतात) काचेच्या बाजूनं सुटून वर आलेलं. ते पुन्हा बसवायचं, एवढंच. इंजिन नाही, रंग नाही, पत्र्याचं काम नाही. एवढ्याशा कामाचं रसग्रहण कसलं करायचं, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या गाडीवर होणाऱ्या सगळ्या कामांत मला हेच वाचायला सर्वांत अवघड वाटतं. इंजिनाचं काम आवाजावरून कळतं, रंगाचं दहा पावलांवरून कळतं. पॅडच्या कामात कारागिरानं काय काय ठरवलं आणि काय करायचं टाळलं, ते सगळं काचेखालच्या दोन बोटं रुंद पट्टीत दडलेलं असतं.

हे पॅड मुळात शोभेसाठी आलेलं नाही. १९३० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. अपघातात फाटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं की यातले कितीतरी चेहरे डॅशबोर्डावर आपटून फुटलेले आहेत, आणि त्यांत ड्रायव्हरशेजारी बसणारे जास्त आहेत. ते मोटार कंपन्यांच्या मागे लागले, की तिथं काहीतरी मऊ बसवा, बाहेर आलेली बटणं आत घ्या. कंपन्यांनी वेळ घेतला. फोर्डनं १९५६ च्या गाड्यांवर ‘लाइफगार्ड’ या नावाखाली सुरक्षेची सामग्री दिली, तेव्हासुद्धा डॅशबोर्डावरची गादी हवी असेल तर वेगळे पैसे पडत. मोटारींच्या सुरक्षेवरचं राल्फ नेडर यांचं गाजलेलं पुस्तक १९६५ मध्ये आलं आणि १९६८ पासून अमेरिकेत अशा गोष्टी सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे प्रीमियरनं १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट काढली. तीच पुढं प्रेसिडेंट झाली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. त्या गाड्यांत पुढं बसणाऱ्याच्या अंगावर पट्टा नसायचा. पुढच्या लांब बाकावर मांडीवर पोर घेऊन बसलेली आई आणि समोरचा पत्रा यांच्या मधे होती ती ही गादी.

गादी तीन थरांची. खाली पत्रा किंवा कडक साचा, मधे फोम, वर दाणेदार पोताचं काळं रेक्झिन. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं. ड्रेनेजचा पाइप आणि हे रेक्झिन एकाच कुळातले. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मुरवलेल्या तेलकट द्रव्यामुळे, आणि ते द्रव्य उन्हानं हळूहळू उडून जातं. जातं कुठं? जुनी गाडी उन्हात राहिली की पुढच्या काचेला आतून एक धुकट, चिकट साय धरते, बोट फिरवलं तर पांढुरका पट्टा उठतो. लोक ती धूळ समजून कागदानं पुसतात. त्यात बराचसा पॅडचा मऊपणा असतो, थेंबाथेंबानं काचेवर जाऊन बसलेला. जेवढा तो काचेवर गेला तेवढं खालचं रेक्झिन आटलं. २०१८ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सुमारे ३८ अंशांच्या दिवशी उन्हात लावलेल्या गाड्यांचं तापमान मोजलं. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेले होते. आपला एप्रिल-मे याहून फार निराळा नाही, आणि या गाडीनं तसे तीस-पस्तीस उन्हाळे खाल्लेले.

आटलेलं रेक्झिन सगळीकडून सारखं सुटत नाही, हे मला त्या शेडमध्ये नीट कळलं. बाहेर आलेल्या गोलाईवर ताणलेलं कातडं उलट घट्ट बसतं. खोलगट जागी मात्र तोच ताण त्याला उचलतो, कारण ताणलेल्या वस्तूला सरळ रस्ता हवा असतो आणि खळग्यातून जाणारा रस्ता लांबचा. पद्मिनीचं पॅड मीटरच्या वरून येतं आणि काचेशी पोचता पोचता किंचित खाली उतरतं. त्या उतारावरच ते पत्र्याला सोडतं. मग आतला फोम उघडा पडतो, त्याचा बिस्किटासारखा भुगा होतो आणि चिकटायला जागाच उरत नाही. त्यात काचेचं रबर कडक होऊन पावसाचं पाणी आत झिरपत असेल तर खालचा पत्राही गंजतो. म्हणून शहाणा कुशनवाला पॅडला हात लावण्याआधी काचेवर बाहेरून पाणी सोडतो आणि आतून बोट फिरवून बघतो. रबर गळत असेल तर वरचं सगळं काम पावसाळ्यापुरतं.

पिंपळे गुरवचं म्हणाल तर कुशनकामाला ही जागा काही अगदी परकी नाही. पवना ओलांडली की दापोडी, आणि दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. पलीकडे कासारवाडी, नाशिक फाटा, पुढं पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज. या पट्ट्यात गाडीचा कुठलाही भाग कुणाच्या तरी हाताखालून गेलेला असतो. हे काम करणाऱ्या आमच्या मिस्त्रींचे वडील दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या सीटा बांधायचे. एसटीच्या सीटेला दिसण्याचे गुण मिळत नाहीत, टिकण्याचे मिळतात, असं मिस्त्री म्हणतात, आणि त्यांच्या कामात ते वळण दिसतं. त्यांच्या शेडवर पाटी आहे, ‘सीट, हूड, टॉप’, आणि पोटापाण्याचं काम तेच: रिक्षांचे हूड, टेम्पोच्या सीटा, कधीतरी एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाकडं. जुन्या गाड्या अधूनमधून येतात.

टेल्कोच्या माणसाकडे पद्मिनी कशी, हा प्रश्न मी विचारलाच. काका हसले. टेल्कोची सिएरा मोटार आली १९९१ मध्ये. त्याआधी टेल्कोत ट्रक बनायचे, आणि ट्रक बनवणारी माणसं पैसे साठवून नंबर लावायची ते फियाटसाठी. तो नंबर लागायलाही वर्षं जायची. गाडी घरात आली तेव्हा पिंपळे गुरवमध्ये शेतं होती. आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये पश्चिमेला तोंड करून उभी असते, म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन पुढच्या काचेतून आत. पॅडच्या रोगाचं निम्मं निदान या पार्किंगमध्येच होतं.

आता काम.

मिस्त्रींनी पॅड काढलं नाही. मला वाटलं होतं काच उतरवतील, पॅड बाहेर घेतील, टेबलावर ठेवून बसतील. तसं करणारे पुष्कळ आहेत आणि फोटोत ते छान दिसतं. पण जुनी काच उतरवणं म्हणजे जुनं रबर फाडणं, आणि पूर्ण पॅड ओढून काढणं म्हणजे जे अजून इमानानं धरून आहे तेही सोडवणं. मिस्त्री सुटलेल्या भागाच्या खालीच शिरले. बांबूच्या कामटीला टोकाशी चपटं करून, त्यावर सुती फडकं गुंडाळून ती काच आणि पॅड यांच्या फटीत सरकवली. भुगा झालेला फोम इंचाइंचानं बाहेर आला, तपकिरी आणि दाणेदार. त्याबरोबर दसऱ्याच्या अक्षता आल्या, झेंडूची काळी पडलेली पाकळी आली, एक जुना रुपया आला. काकांनी रुपया पुसून खिशात टाकला.

खालच्या पत्र्यावर मीटरच्या बाजूला गंज नव्हता, डाव्या कोपऱ्यात थोडा होता. तो घासला, तिथं रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वाळू दिला. पत्र्यावरचं जुनं सोल्यूशन थिनरच्या फडक्यानं पुसलं, पण थिनरचा एक थेंबही रेक्झिनच्या पाठीला लागू दिला नाही. रेक्झिनची पाठ कोरड्या ब्रशनंच साफ केली. थिनरनं रेक्झिन आधी मऊ पडतं, तेव्हा छान वाटतं, आणि मग आहे त्याहून जास्त आखडतं. इथवरच्या कामात दाखवण्यासारखं काही नाही, कष्ट आहेत.

खरी बैठक पुढं होती. साफ केलेलं पॅड मिस्त्रींनी नुसतं खाली दाबून पाहिलं. मीटरपाशी बरोबर बसलं. डावीकडं सरकत गेलं तसं कमी पडत गेलं, आणि शेवटी खांबापाशी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी फट उरली. फटीतून गाडीच्या रंगाचा पत्रा दिसत होता. पॅड तेवढं आटलं होतं. शिंपी कापड कमी पडलं की शिवणीतली माया उसवून वाढवतो. इथं तीस वर्षांच्या उन्हानं माया आधीच खर्च केलेली.

या जागी माझ्या मते कामाचा निकाल लागतो. तूट भरून निघणार नाही, हे धरूनच चालायचं. उरतो तो एकच प्रश्न: ती ठेवायची कुठं?

पहिला मोह ताणण्याचा. हॉट एअर गननं रेक्झिन तापवलं की ते लोण्यासारखं येतं, खांबापर्यंत ओढलं की पोचतंही. गिऱ्हाईक खूश, फोटो सुरेख. पण असं रेक्झिन आपला ताण विसरत नाही. मे महिन्यात डॅशबोर्ड पुन्हा तापला की ते ओढलेलं अंतर परत मागतं, आणि त्या वेळी सोल्यूशनही उन्हानं ढिलं झालेलं असतं. मग पॅड खोलगट जागी पुन्हा उठतं, या वेळी सुरकुत्यांसकट. पुण्यात नव्यानं ‘रिस्टोअर’ केलेल्या कितीतरी गाड्यांत पहिल्या उन्हाळ्यानंतर दिसणारी ती लाट याच मोहाची.

दुसरा उपाय काकांनीच सुचवला. मीटरजवळचं पॅड थोडं सोडवा, सगळं पॅड जरा डावीकडं सरकवा, म्हणजे निम्मी फट इकडं, निम्मी तिकडं. हिशेबाला अगदी रास्त. मिस्त्रींनी मान हलवली. “काका, मीटरचा कट सरकला की तुम्हाला रोज दिसंल. डावा कोपरा कोण बघतो?” यात फक्त सोय नाही. मीटरभोवतीचा कट ही या डॅशबोर्डावरची एकमेव अशी जागा, जिथं पॅडला दुसऱ्या वस्तूच्या आकाराशी तंतोतंत जुळावं लागतं. तिथं केसभर फरक पडला तरी डोळा अडखळतो. खांबापाशी रेघ संपतच असते, तिथं थोडं आधी संपली तर ती संपण्याचीच एक तऱ्हा वाटते. तूट वाटून घेण्यापेक्षा एका जागी, शेवटाला, ठेवणं हे मला सौंदर्यदृष्ट्याही पटतं.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि त्यांनी पुढं जे केलं त्यासाठी मी हे लिहायला घेतलं. त्यांनी तूटच कमी केली. भुगा निघून गेलेल्या खळग्यात त्यांनी पातळ फेल्टच्या पट्ट्या बसवल्या, मीटरकडं एकेरी, मधल्या खोलगटात दुहेरी, काचेकडं पुन्हा एकेरी, आणि प्रत्येक पट्टीची कड कात्रीनं तिरकी छाटून, म्हणजे वरून पायरी उमटू नये. खळगा उथळ झाला. कातड्याचा रस्ता जवळचा झाला. पुन्हा पॅड दाबून पाहिलं तेव्हा डावीकडची फट निम्म्याहून कमी राहिली होती, आणि मुख्य म्हणजे कातड्यावरचा ताण गेला होता. दाबलेला हात काढला तरी ते जागेवरून उठलं नाही. सोल्यूशन अजून डब्यातच होतं. चिकटवण्याआधीच जे बसतं ते चिकटवल्यावर टिकतं, हा त्यांचा हिशेब.

उरलेल्या फटीसाठी त्यांनी पॅडच्या खालच्या बाजूला, पायांकडं, आत मुडपलेल्या रेक्झिनची एक चिंचोळी पट्टी ब्लेडनं कापून घेतली. नवं रेक्झिन शेडमध्ये गुंडाळ्यांनी पडलेलं असताना हे कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी नवा तुकडा आणि ती पट्टी शेजारी शेजारी उन्हात धरून दाखवली. नवं काळं निळसर मारत होतं, जुनं तपकिरीकडं झुकलेलं, आणि दाणाही वेगळा. जुनी पट्टी त्यांनी डाव्या कोपऱ्यात पॅडच्या खाली सरकवून चिकटवली. आता फट आहे, पण फटीतून गाडीचा रंग दिसत नाही, त्याच गाडीचं त्याच वयाचं काळं दिसतं.

सोल्यूशनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरी करून पाहणारे इथंच आपटतात. पांढरा फेव्हिकॉल इथं निरुपयोगी. तो पाणी उडून वाळतो, आणि पत्रा नि रेक्झिन यांच्या मधून पाणी जाणार कुठून? लागतं ते सनमायका बसवणारे सुतार वापरतात तसं सिंथेटिक रबराचं पिवळसर सोल्यूशन. त्याच्या मुळाशी निओप्रीन, जे अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं १९३१ मध्ये जाहीर केलं. त्याची रीत उलटी आहे. ते ओलं असताना चिकटवायचं नाही. दोन्ही अंगांना पातळ हात द्यायचा, मग थांबायचं, द्रावण उडून जाऊ द्यायचं. बोटाची पाठ लावून पाहायची: चिकटली तर अजून वेळ आहे, नुसती रेंगाळून सुटली तर वेळ झाली. मग दोन थर एकमेकांना भेटले की क्षणात धरतात, आणि त्यानंतर सरकवासरकवी नाही. घाई केली तर आत कोंडलेलं द्रावण उन्हात वाफ होऊन फुगा काढतं. उशीर केला तर थर एकमेकांना ओळखत नाहीत. पावसाळ्यात आणखी एक भानगड: द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते, थर पांढुरका होतो आणि त्याची पकड जाते. म्हणून मिस्त्री आषाढ-श्रावणात हे काम शक्यतो घेत नाहीत, घेतलंच तर शंभराचा बल्ब लावून.

हा थांबण्याचा वेळ मला फार आवडला. चारी दारं उघडी, पंखा बंद (पंख्यानं वरची साय आधी धरते आणि धूळही बसते), वासानं डोळे चुरचुरताहेत, आणि मिस्त्री कडेला उकिडवे बसून काहीच करत नाहीत. शेडमधला पोऱ्या दोनदा येऊन म्हणाला, “लावू का?” दोन्ही वेळा मिस्त्रींनी नुसती बोटाची पाठ दाखवली.

मग बटर पेपर. पॅड आणि पत्र्याच्या मधे आधी सगळीकडं बटर पेपर सरकवला, म्हणजे थर चुकून कुठं भेटू नयेत. मीटरपाशी, जिथं पॅड मूळचं धरून होतं तिथून, कागद बोटभर मागं ओढला आणि तेवढंच दाबलं. पुन्हा बोटभर. दाबण्याची दिशा नेहमी धरलेल्याकडून सुटलेल्याकडं, म्हणजे हवा पुढं पळते. तळव्यानं नाही, अंगठ्याच्या उशीनं. काचेखाली जिथं अंगठा जात नाही तिथं तीच कामटी, आता कोरडं फडकं गुंडाळलेली. डाव्या टोकाशी पोचल्यावर त्यांनी शेवटची दोन बोटं दाबायच्या आधी हात काढून घेतला, पॅडला स्वतःहून जिथं पडायचंय तिथं पडू दिलं आणि मगच दाबलं. एवढी एक जागा बघणाऱ्यानं चुकवू नये. ओढायचा मोह शेवटच्या दोन बोटांतच सर्वांत जास्त असतो.

वर वजन ठेवलं ते वाळूच्या पिशव्यांचं. जुन्या जीन्सचे पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, वाळू भरलेल्या. लाकडाची पट्टी किंवा क्लॅम्प सरळ दाब देतात आणि पॅड कुठंच सरळ नसतं. वाळू आकार घेते. पिशव्या रात्रभर तशाच ठेवल्या.

काका आणि मिस्त्री यांच्यात एक वाद झाला तो गणपतीवरून. डॅशबोर्डावर वर्षानुवर्षं एक छोटी मूर्ती डबल टेपनं चिकटवलेली होती. ती काढल्यावर खाली पानाएवढा एक गोल निघाला, गर्द काळा, मऊ, दाणा अगदी ताजा. भोवतीचं सगळं पॅड वाळलं होतं आणि त्या गोलावर कारखान्यातून निघालेलं रेक्झिन जसंच्या तसं होतं. जुनं पॅड मूळचं कसं होतं याचा एवढा चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही. मिस्त्रींनी फेल्टची जाडी ठरवताना बोट त्याच गोलावर दाबून अंदाज घेतला होता. काकांना मूर्ती ताबडतोब परत हवी होती, त्याच जागी. मिस्त्री म्हणाले, आठवडाभर थांबा, सोल्यूशन पुरतं पिकू दे, टेपेनं ओढ लागेल. काका म्हणाले, बाप्पाशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. शेवटी मूर्ती मीटरच्या टपावर तात्पुरती बसली, आठवडाभराच्या मुक्कामाला.

अशा गाड्यांच्या बाबतीत कायदा काही मदत करत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत बदल केलेला चालत नाही. काकांच्या गाडीला त्यासाठी अजून अवकाश आहे, आणि पोचली तरी डॅशबोर्डावरच्या गादीचं काय केलं हे कुणी विचारणार नाही. ते मालकाच्या रुचीवर सोडलेलं आहे, आणि रुचीचं काय होतं ते आपण रस्त्यावर बघतो: लाल दोऱ्यानं चौकटी शिवलेलं चकचकीत रेक्झिन, नाहीतर नक्षीचं कार्पेट अंथरलेलं. चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारणारे तर दुहेरी नुकसान करतात. काचेत झळ येऊन पुढचं दिसत नाही, आणि जिथं सिलिकॉन मुरलं तिथं पुढं सोल्यूशन धरत नाही. पॅड निस्तेज असतं ते बघणाऱ्याच्या सोयीसाठी.

वरून स्क्रू मारणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत थोडं मऊ आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींत पॅड सुटलं की टॅक्सीवाला कप वॉशर घालून सरळ तीन-चार स्क्रू ठोकायचा. रसिक याला पाप म्हणतील. पण त्या गाडीला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर उभं राहायचं असायचं, आणि रात्रभर वाळूच्या पिशव्या ठेवायला तिच्याकडे रात्र नसायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा कितीतरी जणांनी त्या स्क्रूंसकट तिचे फोटो काढले. त्या गाडीवर ते शोभायचे. काकांच्या गाडीवर नसते शोभले.

पिशव्या उचलल्यावर मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून काचेतली रेघ पाहिली. मीटरपासून मधल्या भागापर्यंत निर्दोष. मधे, जिथं फेल्ट दुहेरी आहे तिथं, रेघ अगदी किंचित वर आहे, पण तिला पोट नाही, सलग चढ-उतार आहे. डावीकडं ती खांबाच्या थोडी अलीकडे थांबते. काळ्यात काळं मिसळल्यामुळे थांबलेली कळत नाही, सांगितल्यावर कळते. रेक्झिनवरच्या जुन्या भेगा तशाच आहेत, त्या भरायचा प्रयत्नही केलेला नाही, आणि ते फार बरं झालं.

माझी तक्रार एकच आहे आणि ती मी मिस्त्रींना सांगितली. मूळ पॅडला काचेपाशी जो उतार होता तो आता उथळ झालाय. त्या उतारामुळे ड्रायव्हरला बॉनेटची कड जवळून सुरू झाल्यासारखी वाटायची. इटलीतल्या ज्या कुणी ती रेषा काढली त्यानं ती विचार करून काढली असणार. फेल्टनं तूट वाचवली, पण खोली खाल्ली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, पॅडवर हात फिरवला आणि म्हणाले, “खोली ठेवली असती तर तुम्ही मे महिन्यात याच खुर्चीवर बसून मला शिव्या दिल्या असत्या.” तेही खरं. तरी दहात साडेआठच दिले मी. काकांनी न विचारताच दहा देऊन टाकले आणि बिलाचं बोलायला लागले.